शुभेच्छांच्या संस्कृतातील पायमोडका त

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

श्रावणातली पौर्णिमा आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा म्हणून साजरी होते आणि १९६९ पासून तीच तिथी देशभर संस्कृत दिन म्हणूनही पाळली जाते. मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी २८ वर्षे संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतरही या दिवसांत माझ्या पडवीत माणसे येतात आणि सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: ‘बाई, ह्याला संस्कृतात काय म्हणायचं?’ कुणाला आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या फ्लेक्सवर एक ओळ हवी असते, कुणाला नव्या घराच्या दारावर, तर कुणाला बहिणीच्या निकालानंतर मोबाइलवर पाठवायला. मागणी लहान असते आणि मनापासूनची असते, म्हणून ती नीट पुरवली जावी असे मला वाटते. त्यासाठीच हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या दैनिकातील वाढदिवसाच्या जाहिरातींपासून सुरुवात करते. ‘जीवेत शरदः शतम्’ ही ओळ मी त्यांत वर्षानुवर्षे वाचते आहे. यातला शेवटचा म पायमोडका छापला जातो, पण ‘जीवेत्’मधल्या त चा पाय मोडायचा राहून जातो. एवढ्याने काय बिघडले, असे वाचकांना वाटेल. ‘जीवेत्’ म्हणजे ‘तो किंवा ती जगो’. ‘जीवेत’ हेही संस्कृतात शुद्ध रूप आहे, पण त्याचा अर्थ ‘तुम्ही सगळे जगा’ असा होतो. म्हणजे छायाचित्र एकाचे आणि आशीर्वाद जमावाला, असे नकळत घडते. प्रार्थनेत आपण म्हणतो ते ‘जीवेम’ आणखी वेगळे, कारण ते ‘आम्ही जगू या’ असे स्वतःसाठी मागणे आहे. एका अक्षराच्या फेरफाराने आशीर्वाद घेणारा बदलतो.

ही चूक अडाणीपणातून होते असे मी मुळीच म्हणत नाही. उलट मुद्रितशोधक मराठीचा नियम काटेकोरपणे पाळतो, म्हणूनच ती होते. १९६२ मध्ये स्वीकारलेल्या मराठी लेखनविषयक नियमांनुसार आपण विद्वान, भगवान, अर्थात हे मुळातले व्यंजनान्त शब्द पाय न मोडता लिहितो आणि कवि, अतिथि, शांति यांची शेवटची वेलांटी दुसरी करतो. मराठी वाक्यात ते योग्यच आहे. मात्र संपूर्ण वाक्य संस्कृत असेल, तर ते उद्धृत केलेले वाक्य आहे असे समजून त्याला त्याच्या मूळ घरचे नियम लावायला हवेत. तिथे पहिली वेलांटी पहिलीच राहते, पायमोडका त पायमोडकाच राहतो आणि विसर्ग ही शोभेची दोन टिंबे नसतात.

विसर्गाची गोष्ट आपल्या भागाला फार जवळची आहे. तारकर्लीपासून गणपतीपुळ्यापर्यंत निवास-न्याहारीची जी घरे उभी राहिली आहेत, त्यांतल्या कितीतरी फाटकांवर ‘अतिथी देवो भवः’ अशी पाटी दिसते. ‘भव’ म्हणजे ‘हो’. त्याला विसर्ग जोडला की क्रियापदाचे नाम होते. ‘भवः’ म्हणजे संसार किंवा शंकर. पण विसर्ग पुसला तरी पाटी पुरती सुधारत नाही, कारण ‘अतिथी’ वेगळा आणि ‘देवो’ वेगळा लिहिल्यामुळे ‘पाहुणा हाच देव’ असा समज होतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतात, त्यात मातृदेवो भव, पितृदेवो भव, आचार्यदेवो भव यांच्या पाठोपाठ हे वाक्य येते. ‘अतिथिदेवः’ हा एकच सामासिक शब्द आहे आणि ‘अतिथी ज्याला देवासमान आहे असा’ हा त्याचा अर्थ आहे. ‘तू तसा हो’ ही आज्ञा यजमानाला आहे. ती फाटकावर, येणाऱ्या पाहुण्यासमोर लावण्यापेक्षा घरात, आपल्या स्वतःच्या डोळ्यांसमोर लावावी. फाटकावर ‘स्वागतम्’ पुरेसे आहे. त्यात ‘सु’ आणि ‘आगतम्’ दोन्ही आधीच आहेत, तेव्हा ‘सुस्वागतम्’ लिहून तोच ‘सु’ दुसऱ्यांदा जोडण्याची मला तरी गरज वाटत नाही.

आता भाषांतराकडे वळते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे मराठी किंवा इंग्रजी वाक्यातला शब्द उचलून त्याला एखादा विसर्ग किंवा म् लावून आणतात आणि ‘बरोबर आहे ना?’ एवढेच विचारतात. अडचण अशी की मराठीने संस्कृतातून घेतलेल्या शेकडो शब्दांचे अर्थ मराठीत येऊन बदलले आहेत. गौरी-गणपती आटोपून मुंबईला परतणाऱ्या एका चाकरमान्याला त्याच्या भावाने ‘शुभः प्रवासः’ असे लिहून पाठवले होते. व्याकरणात काही खोट नाही. पण संस्कृतात ‘प्रवास’ म्हणजे घर सोडून परमुलखात राहणे. ज्या स्त्रीचा पती असा प्रवासात असतो, तिला काव्यशास्त्रात प्रोषितभर्तृका म्हणतात. आमच्या आईच्या पिढीतल्या निम्म्याअधिक बायका त्या अर्थाने प्रोषितभर्तृकाच होत्या, आणि मनीऑर्डर व गणपती या दोन गोष्टींवर त्यांचे वर्ष सरायचे. त्या भावाला म्हणायचे होते ते एका रात्रीच्या गाडीविषयी, आणि वाक्याने आशीर्वाद दिला तो मुंबईच्या वास्तव्याला. तिथे ‘शुभयात्रा’ चालले असते, किंवा जुन्या वळणाने ‘शिवास्ते पन्थानः सन्तु’, म्हणजे तुझ्या वाटा मंगल असोत.

आजाऱ्याला ‘लवकर बरा हो’ सांगतानाही अशीच फसगत होते. ‘स्वस्थो भव’ हे संस्कृत म्हणून उत्तम आहे, पण मराठी कानाला ‘स्वस्थ’ म्हटले की स्वस्थ बसणेच आठवते, आणि खाटेवर पडलेल्याला तो उपदेश वाटतो. त्यापेक्षा ‘आरोग्यमस्तु’ सर्वांना कळते. खरे तर ज्या शंभर शरदांची इच्छा आपण वाढदिवसाला करतो, तिचे एक फार जुने रूप आजाऱ्यासाठीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १६१ वे सूक्त यक्ष्म्याने, म्हणजे क्षयासारख्या रोगाने, ग्रासलेल्या माणसाला मृत्यूच्या दारातून परत आणण्यासाठी आहे आणि त्यात ‘शतं जीव शरदो वर्धमानः’ असे त्याला थेट म्हटले आहे. तिथे पुढे शंभर हेमंत आणि शंभर वसंतही येतात. आपण कोकणातली माणसे वय पावसाळ्यांनी मोजतो. ‘वर्ष’ या शब्दाचा मूळ अर्थ पाऊसच आहे, हे वर्गात सांगितले की मुलांचे चेहरे खुलायचे.

‘थँक यू’ला ‘धन्यवादम्’ लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. धन्यवाद हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून एकवचनी ‘धन्यवादः’ किंवा बहुवचनी ‘धन्यवादाः’ म्हणावे. जुन्या नाटकांतली पात्रे मात्र आभार मानताना ‘अनुगृहीतोऽस्मि’ म्हणतात आणि स्त्री असेल तर ‘अनुगृहीतास्मि’. निरोपाचीही अशीच गंमत आहे. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मालवणीत ‘येतंय हां’. संस्कृत नाटकांतही निघणारे पात्र सरळ ‘गच्छामि’ म्हणण्याऐवजी बहुधा ‘साधयामि’ म्हणते, आणि ‘पुनर्दर्शनाय’ या एका शब्दात परत भेटण्याची इच्छा सांगता येते. म्हणून ‘येतो हं’चे ‘आगच्छामि’ असे भाषांतर कुणी करू नये. शब्दाला शब्द जुळवण्याऐवजी त्या भाषेत त्या प्रसंगी माणसे काय बोलत आली, ते शोधायचे असते.

शुभेच्छेचे व्याकरण लोक समजतात तेवढे अवघड नाही. ‘नमस्ते’ तर सगळेच म्हणतात. त्याचे तुकडे नमः आणि ते, म्हणजे ‘तुला नमन’. नमः आणि स्वस्ति या शब्दांसोबत ज्याला नमन किंवा ज्याचे कल्याण, त्याची चतुर्थी विभक्ती येते, म्हणूनच ‘गणेशाय नमः’. लग्नमुंजीत पुण्याहवाचनाच्या वेळी यजमान ‘स्वस्ति भवन्तो ब्रुवन्तु’ अशी विनंती करतो आणि ब्राह्मण ‘आयुष्मते स्वस्ति’ असे उत्तर देतात, त्यातही हीच चतुर्थी आहे. ते ऐकताना मला नेहमी आपले गाऱ्हाणे आठवते. गावकार एकेकाचे मागणे देवासमोर मांडतो आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मागणाऱ्याने मागायचे आणि इतरांनी त्याला होकार भरायचा ही रीत दोन्हीकडे एकच आहे. ज्याने गाऱ्हाणे ऐकले आहे, त्याला संस्कृत आशीर्वादाचा घाट परका वाटायचे कारण नाही. भद्र, कुशल, सुख, हित अशा शब्दांबरोबर आशीर्वाद देताना पाणिनीने चतुर्थी आणि षष्ठी या दोन्ही विभक्ती चालवून घेतल्या आहेत. वाल्मीकींच्या रामायणातली माणसे बोलता बोलता मध्येच ‘भद्रं ते’ म्हणतात, ‘तुझे भले होवो’. मालवणी म्हातारी नातवाच्या पाठीवर हात ठेवून जे बोलते, ते याहून वेगळे नाही.

लिंगाची काळजी मात्र घ्यायला हवी. दहावी-बारावीच्या निकालानंतर मुलींच्या छायाचित्रांखाली ‘यशस्वी भव’ छापले जाते, तेव्हा एक शिक्षिका म्हणून मला खरोखर वाईट वाटते, कारण तो आशीर्वाद मुलासाठी घडवलेला आहे. मुलीला ‘यशस्विनी भव’, ‘विजयिनी भव’, ‘आयुष्मती भव’ म्हणायचे असते. हे लक्षात ठेवणे जड वाटत असेल तर एक सोपी वाट आहे. विशेषण टाळून नाम वापरावे आणि पुढे ‘ते’ लावावे: ‘यशोऽस्तु ते’, ‘कुशलं ते भूयात्’. हा ‘ते’ मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतो, अनेकांना म्हणायचे असेल तर त्याच्या जागी ‘वः’ येतो, आणि पथ्य एवढेच की वाक्याची सुरुवात या शब्दांनी करायची नाही. ‘दीर्घायुर्भव’ हेही दोघांना सारखेच लागू पडते. वडीलधाऱ्यांसाठी ‘भव’ऐवजी ‘भवतु’ घ्यावे, म्हणजे ‘भवान् दीर्घायुर्भवतु’, बाई असतील तर ‘भवती’. ‘भूयात्’ हे रूप तर संस्कृतने केवळ आशीर्वादासाठी राखून ठेवले आहे. त्याला आशीर्लिङ् म्हणतात. भले चिंतण्यासाठी क्रियापदाचा एक वेगळा साचा असावा, ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी नववीत होते आणि संस्कृत शिकायचे मी त्याच दिवशी ठरवले.

या भाषेच्या जुन्या अभिवादनांत सगळेच घेण्यासारखे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. भेटल्यावर ब्राह्मणाला कुशल विचारावे, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. नमस्कार करणाऱ्याला उलट आशीर्वाद देताना ‘आयुष्मानेधि देवदत्त३’ असा नावाचा शेवटचा स्वर लांबवण्याची (३ ही त्या लांबवण्याची खूण) रीत पाणिनीने नोंदवली आहे, पण ती देताना शूद्रांना वगळले आहे, आणि पुढच्या वैयाकरणांनी स्त्रियांनाही वगळले. माझ्या नावाचा स्वर त्या काळात कुणी लांबवला नसता, हे मी विद्यार्थ्यांपासून कधी लपवले नाही. हा भेद आज कुणी पाळू नये. कुशल, क्षेम, अनामय, आरोग्य हे चारही शब्द सुंदर आहेत आणि कोणताही शब्द कोणालाही म्हणावा. समुद्रावरून परतलेल्या माणसाला ‘अपि कुशलम्?’ असे विचारण्यात जो जिव्हाळा आहे, तो कुणा एका जातीची मिरास नाही.

मोबाइलवर भाषांतर करून देणाऱ्या सर्वांत परिचित सोयीत मे २०२२ मध्ये संस्कृतची भर पडली आणि त्याच वेळी कोंकणीचीही. मला त्याचा आनंदच आहे, कारण ज्यांच्या घराजवळ विचारायला कोणी नाही त्यांना निदान एक वाट मिळाली. तिच्यातून आलेली ओळ मात्र तशीच फ्लेक्सवर चढवू नये. शुभेच्छा कोण देतो, कुणाला देतो, समोर मुलगी आहे की मुलगा, एक आहे की अनेक, वडील आहे की धाकटा, हे आपण टंकलेल्या दोन-चार शब्दांत नसते आणि संस्कृत वाक्य तर त्यावरच उभे राहते. गावातल्या शाळेत संस्कृत शिकवणारे कोणी असेल तर त्यांना दाखवावे. पाच मिनिटांचे काम असते आणि कोणीही शिक्षक त्याला नाही म्हणत नाही.

आपल्या भागाने तर यात अभिमानाने पुढे असायला हवे. ज्यांच्या पाठ्यपुस्तकांवर कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ मध्ये मालवणात जन्मले. वामन शिवराम आपटे यांचा जन्म १८५८ मध्ये सावंतवाडी संस्थानातल्या एका खेड्यात झाला. इंग्रजीतून संस्कृतात जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठीचा त्यांचा कोश १८८४ चा आहे, म्हणजे एखाद्या शब्दाला संस्कृतात काय म्हणायचे या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वयाच्या पंचविशीतच पुस्तकभर देऊन ठेवले होते. भारतरत्न पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुरामचे. या तिघांच्या किनाऱ्यावर एका ‘त’चा पाय मोडायला आपण विसरतो, याची मला खंत वाटते.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतला एक मच्छीमार नव्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लिहायला ओळ मागायला आला. ‘सुरक्षित मासेमारीच्या हार्दिक शुभेच्छा’ याचे संस्कृत त्याला हवे होते. तेवढे सगळे शब्द जुळवले असते तर लाकडावर मावले नसते आणि बोलताना कुणाच्या तोंडात बसले नसते. मी त्याला विचारले, होडी पाण्यात लोटताना तुझ्या मनात नेमके काय असते? तो म्हणाला, वारा शांत असू दे, आणि असलाच तर पाठीशी असू दे. हे तर कालिदासाने लिहून ठेवले आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा आकाशवाणी तिला आशीर्वाद देते: तिची वाट ‘शान्तानुकूलपवनश्च शिवश्च’ होवो. वारा शांत असो, अनुकूल असो आणि वाट मंगल असो. ते रानावनातून पायी जाणाऱ्या मुलीसाठी आहे, पण दर्यावर जाणाऱ्यासाठी याहून चपखल मला काही सापडले नाही. मूळ श्लोकात ‘अस्याः’, म्हणजे ‘हिची’ वाट, असे आहे, आणि होडी तर मराठीत स्त्रीलिंगी तशीच संस्कृतातली नौकाही स्त्रीलिंगी. त्यामुळे एक अक्षरही बदलावे लागले नाही. रंगवणाऱ्याने ‘शान्त’ लिहू की ‘शांत’ असे विचारले, तेव्हा दोन्ही चालेल असे सांगितले, कारण काटेकोरपणा अर्थ बदलतो तिथे हवा. शेवटच्या ‘पन्थाः’चा विसर्ग मात्र मी समोर उभी राहून रंगवून घेतला. पावसाळी मासेमारीबंदीचा काळ ३१ जुलैला संपतो. होडी नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पाण्यात उतरेल.

माझी विनंती एवढीच आहे. त्या दिवसाच्या आपल्या अंकात शुभेच्छांच्या बऱ्याच जाहिराती येतील. त्यांतल्या संस्कृत ओळींवर मराठीचे लेखननियम लावू नयेत, अशी सूचना जाहिरात विभागाला आणि मुद्रितशोधकांना द्यावी. ‘जीवेत्’चा पाय मोडावा, ‘भव’चा विसर्ग काढावा, ‘अतिथिदेवो’ जोडून छापावे आणि मुलीच्या छायाचित्राखाली ‘यशस्विनी’ छापावे. एखाद्या ओळीविषयी शंका आली तर कार्यालयातून माझ्याकडे कधीही विचारणा करावी. पत्रासोबत माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक स्वतंत्र कागदावर दिला आहे. तो छापू नये, पण जरूर वापरावा.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग